चौऱ्याहत्तराव्या मिनिटाचं हसू

सिनेमा लोकांपुढे येण्याआधी दीडशे अनोळखी माणसांना बोलावून तो दाखवायचा आणि त्यांना काय वाटलं ते टिपून निर्मात्यांना कळवायचं, असं काम करणारी एक छोटी कंपनी होती. तिथे एक बाई नोकरीला होती. घरी तिचे सासरे तिला सूनबाई म्हणत, आपणही तेच म्हणू.

सूनबाई सिनेमे पाठीने बघायची. पडद्याखाली डाव्या कोपऱ्यात तिचं बुटकं स्टूल असायचं. तोंड प्रेक्षकांकडे, पाठ पडद्याकडे. मांडीवर फळी, फळीला चिमटा, चिमट्याला नखाएवढा दिवा. कागदावर मिनिटांचे रकाने छापलेले असत. कोण कुठल्या मिनिटाला हसलं, कोण खोकलं, कोणी घड्याळ बघितलं, कोण उठून गेलं आणि परत यायला किती वेळ लावला, हे सगळं ती टिपायची. सहा वर्षांत असे चाळीसेक सिनेमे झाले होते. नायक मेला की नाही, हे तिला तिसऱ्या रांगेतल्या रुमालांवरून कळायचं.

घरात मात्र टिपण्यासारखं काही नसायचं. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, तो बिचारा बोलका. पण सासरे म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. एकाहत्तर वर्षांचे, लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि त्या आठ वर्षांत त्यांची तीन वाक्यं सूनबाईला पाठ झाली होती. "पेपर आला का?" "चहा नको." "दार लावून घे." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, बाबांचं बोलणं आईबरोबर गेलं. आई जाऊन दहा वर्षं झाली होती, सूनबाईने तिला फक्त फोटोत बघितलं होतं.

एका गोष्टीने मात्र सासरे हलत. टीव्हीवर 'निळा पहारेकरी' लागला की ते खुर्ची पुढे ओढून बसत. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा. इमारतीचा एक साधा पहारेकरी असतो, त्याला एक दिवस शहरातली प्रत्येक हाक ऐकू यायला लागते, आणि मग तो निळं फडकं तोंडाला बांधून हाकेला धावून जातो. त्याला उडता येत नाही. तो पळतो, जिने चढतो, दमतो. एकोणीस मजले चढताना अकराव्यावर तो पायरीवर बसून धापा टाकतो, ते दृश्य तर सगळ्यांना तोंडपाठ. आणि त्याला मिशी होती. झुपकेदार, फडक्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली.

आता तोच सिनेमा नव्याने येणार होता. पेपरात चित्र आलं, नवा पहारेकरी चकचकीत पोलादी पोशाखात, गुळगुळीत दाढी केलेला. सासऱ्यांनी पेपराची घडी घातली आणि त्या दिवशी चौथं वाक्य बोलले. म्हणाले, हे बघायला मी काही जाणार नाही.

आणि नेमका तोच सिनेमा सूनबाईच्या कंपनीकडे आला.

अशा खेळाला प्रेक्षक मोजून मापून बोलवावे लागतात. इतके कॉलेजातले, इतक्या गृहिणी, इतके साठीच्या पुढचे. रविवारी सकाळी दहाला खेळ होता, आणि साडेआठला साठीच्या पुढचे दोघे गळाले. एकाचा गुडघा धरला होता, दुसऱ्या आजी नातवाला बघायला गेल्या होत्या. सूनबाईने वीसेक फोन केले तेव्हा एक मिळाला. दुसरी खुर्ची रिकामीच. नोकरांच्या नात्यातल्या कोणाला आणायचं नाही असा कंपनीचा कडक नियम होता, आणि त्या कागदावर तिने स्वतः सही केली होती. तरी अडला हरी म्हणतात ना, तशी ती सासऱ्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग ती म्हणाली, "बाबा, खुर्ची रिकामी राहिली तर मला बोलणी बसतील."

सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, उठले, आणि इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत तिने बजावलं की तिथे ओळख दाखवायची नाही, आपण एकमेकांचे कोणी नाही. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की बसमध्येही ते तिच्यापासून चार रांगा लांब जाऊन बसले.

खेळ सुरू झाला. दीडशे माणसं, त्यात निम्मे तरी जुन्या सिनेमाचे भक्त. एक कॉलेजातला पोरगा तर छातीवर मिशी छापलेला टी-शर्ट घालून आला होता. अकराव्या मिनिटाला नव्या पहारेकऱ्याने पहिल्यांदा तोंड दाखवलं आणि सभागृहात कुजबूज फिरली, जशी वर्गात मास्तरांनी नवा चष्मा लावल्यावर फिरते. सूनबाईने लिहिलं, 'मिशी. बरेच जण.' अठ्ठाविसाव्या मिनिटाला पहारेकरी उडाला. पुढच्या रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगांनी हाताच्या घड्या घातल्या. सासरे 'च' रांगेत नवव्या खुर्चीवर होते. त्यांची घडी तर राष्ट्रगीताला उभं राहावं तशी ताठ.

त्रेसष्टाव्या मिनिटाला ते जांभई देताना दिसले. तिने इमानेइतबारे तेही टिपलं.

मग आलं चौऱ्याहत्तरावं मिनिट. सिनेमातला सगळ्यात गंभीर प्रसंग तोच होता. पाठीमागे काय चाललंय ते सूनबाईला आवाजावरून कळत होतं. चाळीस मजली इमारत, लिफ्टमध्ये सात माणसं, खलनायक वर बसून लिफ्टचा दोर कापतो, लिफ्ट दगडासारखी खाली सुटते, आणि पहारेकरी खालून उडत येऊन ती दोन हातांवर झेलतो. संगीत थांबलेलं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत कोणीतरी हसलं.

साधंसुधं हसू नव्हतं. पोटातून आलेलं, खुर्ची हलवणारं, थांबायचं नाव न घेणारं. सूनबाईने दिवा वर करून बघितलं. 'च' रांग, नववी खुर्ची. सासरे डोळे पुसत होते, पुन्हा पडद्याकडे बघत होते, आणि पुन्हा हसत होते. आठ वर्षांत तिने त्यांना हसताना बघितलं नव्हतं. पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि काय लिहावं हे तिला सुचत नव्हतं.

हसणं हा लागणीचा रोग. आधी शेजारच्या खुर्चीवरच्या, इस्पितळात नर्स असलेल्या बाई हसल्या, मग मिशीवाला पोरगा, मग ती सगळी रांग. कशाला हसतोय हे कोणाला ठाऊक नव्हतं. पहारेकरी डोळ्यांत पाणी आणून "मी आहे ना" म्हणाला, तेव्हा तर छप्पर उडालं. सगळ्यात मागे टोपी डोळ्यांवर ओढून एक तरुण बसला होता. तो सिनेमाचा दिग्दर्शक आहे हे फक्त कंपनीतल्या लोकांना माहीत होतं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

खेळ संपल्यावर दहा जणांना शेजारच्या खोलीत चर्चेला थांबवायचं असतं. कोणाला थांबवायचं हे बॉसबाई ठरवत. चाळिशी उलटलेली, काटेकोर बाई, आवाज कधी चढायचा नाही, पण समोर बसलेला माणूस आपोआप उठून उभा राहायचा. त्यांनी पहिलं बोट सासऱ्यांकडे दाखवलं. सूनबाई कोपऱ्यात टेबलाशी वही घेऊन बसली, कारण चर्चेतला शब्द न् शब्द लिहून घेणं हेही तिचंच काम होतं. टोपीवाला तरुण मागच्या बाकावर येऊन बसला.

आधी अर्धा तास मिशीवरच गेला. टी-शर्टवाल्या पोराचं म्हणणं, मिशी हेच त्या माणसाचं बळ होतं. नर्सबाई म्हणाल्या की त्यांना नवा चेहरा आवडला, पण तो एवढा देखणा आहे की आजाऱ्याने त्याला हाक मारायच्या आधी केस विंचरावेत. नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती, ती म्हणाली की उडण्याचा भाग छान होता, पण तो एकटाच का उडतो, कोणाला बरोबर का नेत नाही? मग बॉसबाईंनी सासऱ्यांना विचारलं, आपण त्या प्रसंगाला का हसलात?

सूनबाईला वाटलं, ते म्हणणार, चहा नको.

सासऱ्यांनी घसा साफ केला. "लिफ्ट पडत नाही," ते म्हणाले.

मग ते बोलायला लागले आणि चाळीस मिनिटं थांबले नाहीत. लिफ्ट एका दोरावर कधीच नसते. पाच-सहा दोर असतात, आणि त्यातला एकेक दोर सगळ्या माणसांसकट लिफ्ट पेलेल असा असतो. बरं, सगळे तुटले असं धरून चालू. लिफ्टच्या खाली जबडे असतात. वेग वाढला की ते जबडे बाजूच्या रुळांना चावतात, आणि लिफ्ट हातभर जाते न जाते तोच जागच्या जागी थांबते. तेव्हा त्या हिरोने झेललं काय आणि नाही झेललं काय, दोन्ही सारखंच. तो तिथे उगाच हात वर करून उभा होता, म्हणून हसू आलं. यावर खोलीतले सगळे पुन्हा हसले, पण या वेळी कशाला हसतोय ते त्यांना माहीत होतं.

"मग भीती कशाची असते?" मुलीने विचारलं.

"अडकण्याची," सासरे म्हणाले. "अंधार होतो, पंखा बंद पडतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला सगळे विसरले. मग तो घाईने दार उचकटायला जातो आणि स्वतःला दुखापत करून घेतो. म्हणून मी पोचलो की आधी पाना नाही काढायचो. आधी दाराशी बसून आवाज द्यायचो. माणसाशी बोलत राहायचं. दुरुस्ती काय, होते."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीची पहिलीच वर्षं होती. एका कचेरीत आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत एकच मुलगी, टायपिस्ट. शहरातलीच वीज गेली होती, त्यामुळे यांच्या हातात काही नव्हतं. मुलगी रडत होती. हे दारातल्या फटीशी पालथे पडले आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून आदल्या दिवशी बघितलेला सिनेमा सांगायला लागले. पहिल्यापासून. पळण्याचे आवाज काढून, धापा टाकून, खलनायकाचं गडगडाटी हसू हसून. अकराव्या मजल्यावर पहारेकरी बसतो तिथपर्यंत आले तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. दीड तास ते सांगत होते. शेवटचा प्रसंग राहिला होता, आणि तेवढ्यात वीज आली, दार उघडलं.

"ती बाहेर आली ते भांडायलाच," सासरे म्हणाले. "म्हणाली, शेवट सांगितल्याशिवाय मी जाणार नाही. मी म्हटलं, शेवट सांगायचा नसतो, बघायचा असतो. म्हणून रविवारी दोन तिकिटं काढली."

नर्सबाईंनी विचारलं, मग?

"मग काय, चौतीस वर्षं संसार केला."

सूनबाईची पेन्सिल भराभर चालली होती. चौतीस हा आकडा तिने लिहिला आणि तो तिला नीट दिसेना, तरी ती लिहीत राहिली. तेवढ्यात ती नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, मग या सिनेमात पण लिफ्ट नुसती अडकवा ना. आणि पहारेकऱ्याला बाहेर बसून बोलायला लावा. त्याला बोलता येतं का ते तरी कळेल.

सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "शाबास. बघा, हिला कळलं. सूनबाई, हे लिहून घे."

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. सूनबाईने मान वर केली नाही. सासऱ्यांच्या लक्षात आलं आणि ते एकदम छताकडे बघायला लागले, जणू काही तिथल्या पंख्याला हाक मारली होती. बॉसबाईंनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे सूनबाईने काही लपवलं नाही. दोन माणसं गळाली, खुर्ची भरायची होती, नियम माहीत होता, मोडला. बॉसबाई म्हणाल्या की सासऱ्यांचं मत बाद, त्यांचं हसू बाद, आणि त्यांच्यामुळे जे हसले ते कितीजण हे सांगता येत नसल्यामुळे चौऱ्याहत्तरावं सबंध मिनिटच बाद. तीन महिने सूनबाईने स्टुलावर बसायचं नाही, ऑफिसात बसून कागद लावायचे. सूनबाईने मान हलवली. ती दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला, "त्यांच्या त्या टायपिस्टबाई, त्या खरंच भांडल्या होत्या?"

"मला काल कळलं, बाई," सूनबाई म्हणाली. "तुमच्याबरोबरच."

आठवड्याने दिग्दर्शकाचा फोन आला, सूनबाईला नव्हे, सासऱ्यांना. त्याला तो लिफ्टचा प्रसंग नव्याने करायचा होता. सासरे आधी नाहीच म्हणाले, मी सिनेमावाला नाही म्हणाले, आणि मग दुपारभर माळ्यावर चढून जुनी हत्यारांची पिशवी शोधत बसले. दोन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. त्यांनी तिथे खोट्या लिफ्टची बटणं चुकीच्या उंचीवर लावली म्हणून सुताराशी वाद घातला, नटाला दाराशी कसं पालथं पडायचं ते पडून दाखवलं, आणि जेवायच्या सुट्टीत सगळ्या मंडळींना लिफ्टचे जबडे कसे चावतात ते दोन सुऱ्या आणि पावाच्या लादीवर करून दाखवलं. हे सगळं घरी कळलं, कारण रोज संध्याकाळी ते येऊन सांगत. पहिल्या दिवशी नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, बाबा, आता जेवा. पाचव्या दिवशी त्याने सूनबाईला हळूच विचारलं की यांना बंद करायचं बटण कुठे असतं. पण तो हे म्हणत होता तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

पाच महिन्यांनी सिनेमा लागला. तिघंही पहिल्याच रविवारी दुपारी गेले, आपली तिकिटं काढून. सूनबाई खुर्चीवर बसली आणि सवयीने मागे वळून लोकांकडे बघायला लागली. नवऱ्याने तिचं डोकं धरून पडद्याकडे फिरवलं.

मिशी नव्हतीच. ती आता या जन्मी येणार नव्हती. मागून कोणीतरी "मिशी लाव रे" असं ओरडलंही. पण लिफ्टचा प्रसंग आला तेव्हा लिफ्ट हातभर खाली गेली आणि कचकन अडकली. आत सात माणसं अंधारात. पोलादी पोशाखातला पहारेकरी बाहेर दाराशी आला, दार फाडायला हात घातला, आणि आतून एक म्हातारी खेकसली की हात लावशील तर खबरदार, दार उचकटायचं नसतं. मग तो खाली बसला. सबंध शहराच्या हाका ऐकणारा तो माणूस, पण समोरच्याशी काय बोलावं ते त्याला सुचेना. बराच वेळ गेल्यावर त्याने चाचरत विचारलं, "तुमचं... जेवण झालं का?"

सभागृह असं हसलं की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. मग हळूहळू तो बोलायला लागला, आपल्या लहानपणाचं, आपल्याला उंचीची भीती वाटायची त्याचं, आणि लोक शांत होत गेले. सूनबाईने या वेळी मुद्दाम मागे वळून बघितलं. कोणीही घड्याळ बघत नव्हतं. मिशीसाठी ओरडणारा माणूस पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता.

तरी बाहेर आल्यावर भांडण झालंच. दालनात घोळके करून लोक वाद घालत होते. एक टक्कल पडलेले गृहस्थ मोठ्याने सांगत होते की जुन्याची सर याला नाही, तो जिने चढायचा. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी सासरे त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले की चढायचा हे खरं, पण पोचल्यावर बोलायचा कुठे? नुसता दार तोडायचा. गृहस्थ म्हणाले, तुम्हाला जुना सिनेमा माहीतच नाही. सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. नवरा कपाळाला हात लावून पाण्याची बाटली आणायला गेला. पाऊण तासाने ते दोघं एकमेकांचे फोन नंबर लिहून घेत होते, आणि तोवर पुढच्या खेळाची माणसं आत शिरली होती.

परतताना बसमध्ये सासरे सूनबाईच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "एवढ्या लोकांना विचारतेस. तुला कसा वाटला?"

असं तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि तिने स्वतःलाही नाही.

"शेवटची मारामारी लांबली," ती म्हणाली. "मी तिथे उठून गेले असते."

"काय सांगतेस? तोच तर भाग चांगला होता."

"कुठला चांगला? नऊ मिनिटं एकच पूल पडत होता, बाबा."

सासरे तिच्याकडे पूर्ण वळून बसले आणि पूल पडायला एवढा वेळ का लागतो ते सांगायला लागले. तिने ते मध्येच तोडलं, कारण तिला अजून त्या खलनायकाच्या बहिणीबद्दल बोलायचं होतं. पुढच्या सीटवर नवऱ्याने बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यायला, आणि आपला थांबा मागे गेला हे त्या दोघांना सांगायचा विचार सोडून दिला.